८ बाय १० चं स्वयंपाकघर: एल की समोरासमोर, हे ठरवण्याआधी

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक असेल तर इथेच लक्षात येईल. पुण्यातला जुना टू-बीएचके, स्वयंपाकघर आतून ८ बाय १० फूट. आत यायचं दार ८ फुटी भिंतीच्या मधोमध. डाव्या १० फुटी भिंतीला सरळ ओटा, त्याच्या खिडकीकडच्या टोकाला सिंक. समोरच्या ८ फुटी भिंतीत खिडकी आणि उजव्या कोपऱ्यात ड्राय बाल्कनीचं अडीच फुटी दार. खिडकीही ड्राय बाल्कनीतच उघडते. उजवी भिंत पूर्ण मोकळी, फ्रीज सध्या हॉलमध्ये. सिलिंडर आहे, पाइप गॅसची चर्चा सोसायटीत सुरू आहे. सासूबाईंची उंची ५ फूट, तुमची ५ फूट ५ इंच, आणि दोघी रोज स्वयंपाक करता. एका मॉड्युलरवाल्याने एल आकार सुचवला, दुसऱ्याने समोरासमोर दोन पूर्ण रुंदीचे ओटे. कोणतं घ्यावं?

दोन्ही प्रस्ताव कपाटांपासून सुरू झालेत, आणि घोटाळा तिथेच आहे. मॉड्युलरवाल्याचा दर शटर (कपाटाचं दार) आणि बॉक्सवर लागतो, त्यामुळे त्याच्या चित्रात जितकी कपाटं जास्त तितकं बिल मोठं. स्वयंपाक मात्र कपाटात होत नाही, ओट्यावरच्या मोकळ्या जागेत होतो. म्हणून खरा प्रश्न एल की समोरासमोर हा नाही. पाणी कुठे थांबतं, आग कुठे आहे आणि त्या दोघांमध्ये कोरडा, रिकामा ओटा किती उरतो, हा आहे. तो सुटला की आकार आपोआप ठरतो. ट्रॉल्या पाच वर्षांनी बदलता येतात. सांडपाण्याचा पाइप, चिमणीचं भोक आणि ग्रॅनाइट कोणी बदलत नाही.

तुम्ही लिहिलेल्या नाहीत अशा काही गोष्टींवर उत्तर बदलू शकतं. भांडी घासायला बाई येत असतील तर त्या सिंकमध्ये घासतात की ड्राय बाल्कनीत खाली बसून? शेगडी ओट्यावर ठेवायची आहे की हॉब (ग्रॅनाइट कापून ओट्यात बसवलेली शेगडी) बसवायचा आहे? घरात वास्तूचा आग्रह आहे का? आग्रह असेल तर तो आत्ताच सांगा. गॅस आग्नेयेलाच हवा असं फरशी बसल्यावर कोणी म्हणालं, तर पाइपपासून सगळं पुन्हा करावं लागतं. सध्या मी असं धरतो की भांडी सिंकमध्येच घासली जातात, शेगडी तीन बर्नरची आणि ओट्यावरची आहे, आणि दिशेचं बंधन नाही.

आता मापं. तुमची ८ बाय १० ही मापं बहुधा ब्रोशरमधली किंवा टेपने एकदाच घेतलेली असतील. नूतनीकरणात जुन्या टाइल्स काढून नवं प्लास्टर आणि टाइल आली की भिंत कमी-जास्त होते. नुसत्या जुन्या टाइलवर नवी चिकटवली तर प्रत्येक बाजूने अर्धा ते पाऊण इंच जातो, उघड्या भिंतीवर प्लास्टर आणि टाइल दोन्ही आलं तर सव्वा इंचापर्यंत. हिशोबाला आपण रुंदी ९३ इंच आणि लांबी ११७ इंच धरू. भिंती जमिनीजवळ, ओट्याच्या उंचीला आणि डोळ्यांच्या उंचीला अशा तीन ठिकाणी मोजा, आणि जमिनीचे दोन्ही कर्ण मोजा. कर्णांत इंचभर फरक निघाला तर कोपरा काटकोनात नाही. तिथे ग्रॅनाइट आणि भिंत यांच्यात फट राहते, आणि ती पांढऱ्या सिमेंटने बुजवली की तिथेच झुरळं होतात.

समोरासमोरचा प्रस्ताव या मापांवर तपासू. डावा ओटा ग्रॅनाइटच्या पुढे आलेल्या कडेसह २५ इंच, उजवाही २५. मध्ये ४३ इंच उरतात, दोघींसाठी ते पुरतात. पण उजव्या कोपऱ्यात बाल्कनीचं दार आहे. उजवा ओटा त्या दाराच्या अलीकडे ३ फूट तरी थांबवावा लागेल, नाहीतर कपड्यांची बादली घेऊन जाताना कोपरा मांडीला लागतो. म्हणजे तो ओटा ८१ इंचांपेक्षा लांब होत नाही, आणि त्यातून फ्रीजचे २८ गेले की ५३ उरतात. एवढ्याशा तुकड्यासाठी २५ इंच खोली देण्यात अर्थ नाही. मागची निम्मी जागा बरण्या आणि औषधांच्या पिशव्या अडवून बसतात. शिवाय या प्रस्तावात सिंक एका बाजूला आणि गॅस समोरच्या बाजूला दाखवला असेल, तर तांदूळ धुऊन ओलं पातेलं हातात घेऊन वळताना पाणी बरोबर मधल्या वाटेवर सांडतं. दोघी आत असताना ती घसरण धोक्याची आहे, त्यात ५ फूट उंचीच्या सासूबाईंना मागून येणारी कढई दिसतही नाही.

नुसता एल घेतला तर उजवी भिंत रिकामी आणि फ्रीज हॉलमध्येच. म्हणून माझं उत्तर या दोन्हींच्या मधलं आहे: डाव्या भिंतीला आणि खिडकीखाली २५ इंच खोल एल, आणि उजव्या भिंतीला फक्त १८ इंच खोल, कमी उंचीचा बुटका ओटा, शेजारी फ्रीज. मधली वाट फ्रीजसमोर ४० इंच आणि बुटक्या ओट्यासमोर ५० इंच राहते. २० इंचांची ट्रॉली पूर्ण बाहेर ओढली तरी मागे माणूस उभं राहू शकतं.

एलची मांडणी कशी, ते सविस्तर सांगतो, कारण सगळं काम इथेच आहे.

सिंक खिडकीखाली घ्या. खिडकीच्या भिंतीवर डाव्या कोपऱ्यापासून बाल्कनीच्या दाराच्या चौकटीपर्यंत सुमारे ५९ इंच मिळतात. त्यातले २५ कोपऱ्यात गेले की समोरून वापरता येणारे ३४ इंच राहतात. २४ बाय १८ चं एकेरी सिंक तिथे नीट बसतं. दोन भांड्यांचं सिंक घेऊ नका. ३७ इंची दुहेरी सिंकमध्येही प्रत्येक भांडं १५ इंचांच्या आसपासच असतं. त्यात कणीक मळायची परात आडवी बसत नाही आणि पाच लिटरच्या कुकरची दांडी अडते. दुकानात जाताना घरातली सगळ्यात मोठी परात आणि कढई मोजून जा. सिंकची खोली ८ इंच बास. १० इंच खोल सिंक दिसायला भारी असतं, पण त्यात तळाशी पडलेला चमचा काढताना पाठ वाकते, आणि सासूबाईंच्या उंचीला ते रोज जाणवेल.

सिंक इथे आणण्याचं दुसरं कारण सांडपाणी. भिंतीपलीकडे ड्राय बाल्कनी आहे, म्हणजे पाइप भिंतीतून सरळ पलीकडे जाऊन नहाणी ट्रॅपला (फरशीतल्या जाळीखालच्या निचऱ्याला) पडतो. सिंक डाव्या भिंतीवर जितकं आत सरकवाल, तितका पाइप ओट्याखालून आडवा येतो. त्याला दर ४० इंचाला १ इंच उतार हवा. १० फुटांच्या पाइपला ३ इंच. तेवढा उतार दिला की तो ट्रॉलीच्या मागे आडवा येतो, नाही दिला की तूप आणि भाताची पेज आत गोठून दर दोन महिन्यांनी सिंक तुंबतं. ८ इंच खोल सिंकला भिंतीतलं आउटलेट फरशीपासून १४ ते १६ इंचांवर ठेवायला सांगा. त्यापेक्षा वर गेलं तर खालच्या ट्रॅपला जागा उरत नाही आणि प्लंबर लवचीक पाइप वळवून वर चढवतो. त्या वळणात खरकटं साचतं. पाइप किमान ४० मिलिमीटरचा घ्या, जमलं तर ५०.

सिंक आणि डावी भिंत यांच्यामधला कोपरा, म्हणजे २५ बाय २५ इंचांचा चौकोन, हात पोचायला लांब असतो म्हणून लोक तिथे मिक्सर कोंबतात. तुम्ही तो भांडी नितळायला ठेवा. धुतलेलं भांडं डावीकडे ठेवलं की काम झालं. वॉटर प्युरिफायरही याच कोपऱ्यात, डाव्या भिंतीवर लावा. त्याचं टाकाऊ पाणी सिंकच्या पाइपला जवळ पडतं, आणि बाटली भरताना सांडलं तरी तिथे आधीच ओलंच असतं. प्युरिफायरच्या नळाखाली १४ इंच मोकळे ठेवा, नाहीतर कळशी तिरकी धरून भरावी लागते. त्याच्यावर कपाट घेऊ नका. ओटा आणि वरच्या कपाटात २२-२४ इंचच असतात, आणि फिल्टर बदलायला वरून हात घालायला जागा लागते. कोपऱ्यातलं वरचं कपाट तसंही दोन्ही बाजूंच्या शटरांच्या भांडणात अडकलेलं असतं, ते गेलं तर काही बिघडत नाही. या कोपऱ्यात ग्रॅनाइट बसवताना सिंकच्या दिशेने ३-४ मिलिमीटरचा उतार द्यायला सांगा. डोळ्यांना दिसत नाही, पाण्याला कळतो.

इथपर्यंत सगळं ओलं. डाव्या भिंतीवर कोपऱ्यानंतर उरलेले ९२ इंच पूर्ण कोरडे ठेवायचे. कोपऱ्याकडून दाराकडे येताना आधी ३८ इंच पूर्ण रिकामे. भाजी चिरणं, कणीक मळणं, ताटं वाढणं इथे. मग तीन बर्नरच्या शेगडीसाठी ३० इंच. मग दाराच्या बाजूला २४ इंच, तिथे पोळपाट, मिसळणाचा डबा आणि उतरवलेली कढई. काहींना पोळपाट शेगडीच्या उजवीकडेच लागतो. सासूबाई कुठे लाटतात ते बघा आणि तसं शेगडीचं स्थान ६-८ इंच इकडेतिकडे करा. पण एका बाजूला ३० इंचांपेक्षा आणि दुसऱ्या बाजूला १८ इंचांपेक्षा कमी करू नका. शेगडी थेट भिंतीला किंवा फ्रीजला खेटली की त्या बाजूच्या बर्नरवर मोठं पातेलं बसतच नाही, आणि तीन बर्नरचे पैसे देऊन दोनच वापरले जातात.

अमेरिकेत १९४०च्या दशकात इलिनॉय विद्यापीठातून रूढ झालेला सिंक, शेगडी आणि फ्रीजचा त्रिकोण मॉड्युलरवाले हमखास दाखवतात. तिन्ही बाजू मिळून १३ ते २६ फूट असाव्यात असा तो संकेत. तुमच्या खोलीत काहीही कुठेही ठेवलं तरी तो सहज पाळला जातो, म्हणून त्यावरून काही ठरवू नका. आपल्याकडे फ्रीजपेक्षा जास्त फेऱ्या पिण्याच्या पाण्याकडे, मिसळणाच्या डब्याकडे आणि मिक्सरकडे होतात.

उंची हा तुमच्या घरातला खरा पेच. उभं राहून काम करताना ओटा कोपरापेक्षा ४ ते ६ इंच खाली असावा. कोपराची उंची साधारण उंचीच्या ६३ टक्के धरली तर सासूबाईंना ३२ ते ३४ इंच आणि तुम्हाला ३५ ते ३७ इंच सोयीचं. अंदाजावर विसंबू नका, दोघींचा कोपर भिंतीला टेकवून पेन्सिलने खूण करा. सरासरी काढून ३४-३५ करणं सोपं वाटतं, पण ओट्यावरची शेगडी स्वतःच ५ इंच उंच असते. ३५ च्या ओट्यावर शेगडी आणि तिच्यावर कुकर ठेवला तर ५ फूट उंचीच्या बाईला शिट्टी काढायला हात वर करावा लागतो, वाफ सरळ तोंडावर. म्हणून ओट्यावरची शेगडी असेल तर एलची उंची ३२ इंच, हॉब असेल तर साडेतेहतीस. थोडं खाली वाकणं तुम्हाला चालेल. कडकडीत तेल उंचावर असणं त्यांना चालणार नाही. शेगडीपुरताच ओटा चार इंच खाली घ्यायची एक पद्धत आहे. उंचीला ती बरोबर आहे, पण त्या खड्ड्याच्या कडांत दूध उतू गेलेलं साचतं, आणि उद्या शेगडी बदलली तर माप जुळत नाही.

हॉबबद्दल माझं मत फारसं अनुकूल नाही. चित्रात ओटा सपाट दिसतो हे खरं. पण ग्रॅनाइटमधलं कटिंग त्या मॉडेलच्या मापाचं होतं, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या मापाचा हॉब आला तर एक तर फट राहते किंवा दगड पुन्हा कापावा लागतो. रोज पोळ्या होणाऱ्या घरात पिठाचा भुगा आणि तेल बर्नरखाली जातंच. शेगडी उचलून धुता येते.

उजवीकडचा बुटका ओटा ३० इंच उंच घ्या. कपाटवाला म्हणेल दोन्हीकडची उंची सारखी हवी, ऐकू नका. मिक्सरवर मोठं भांडं लावलं की तो दीड फुटाच्या आसपास जातो, आणि झाकण दाबून धरायचं तर खालचा ओटा कमीच हवा. मायक्रोवेव्हही याच ओट्यावर. वरच्या कपाटात ठेवलेला मायक्रोवेव्ह म्हणजे उकळतं दूध डोळ्यांच्या उंचीवरून उतरवायचं. सासूबाईंना भाजी निवडायला किंवा लसूण सोलायला बसून काम करायचं असेल तर या ओट्याखाली २० इंचांचा एक कप्पा शटरशिवाय मोकळा सोडा, म्हणजे स्टूल आत जातं आणि गुडघेही. बाकीच्या भागात धान्याचे डबे. वर्षाचं धान्य भरत असाल तर कोठीची उंची आणि घेर मोजून मगच कप्पा ठरवा. कोठीसाठी ट्रॉली नको, सरळ फरशीवर ठेवायची जागा हवी.

फ्रीज आत यायच्या दाराजवळ, म्हणजे पाणी प्यायला आलेली मुलं शेगडीपर्यंत येत नाहीत. फ्रीजसाठी रुंदीला किमान २८ इंच ठेवा. त्याचं दार ९० अंशांच्या पुढे उघडलं नाही तर आतला भाजीचा खण बाहेर येत नाही, त्यामुळे बिजागरीच्या बाजूला भिंत येत असेल तर ३-४ इंच पट्टी सोडा. शक्यतो दार बुटक्या ओट्याकडे उघडेल असा फ्रीज निवडा, काढलेली वस्तू लगेच ठेवता येते.

गॅस. सध्या सिलिंडर असेल तर तो पोळपाटाच्या २४ इंचांखाली, दाराजवळ. १४.२ किलोचा सिलिंडर सुमारे १२.५ इंच व्यासाचा असतो. १५ इंच रुंद कप्पा पुरतो, आणि उंचीला रेग्युलेटरसह तो ३२ च्या ओट्याखाली बसतो, पण ट्रॉलीचा लाकडी तळ खाली घातला तर बसत नाही. त्या कप्प्याला तळ नकोच. सिलिंडर शेगडीपेक्षा खालच्या पातळीवरच असावा, रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, आणि ती दर पाच वर्षांनी बदलायची. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर जमिनीलगत साचतो. म्हणून त्या कप्प्याच्या शटरला जाळी खालच्या बाजूला हवी. पाइपमधला नैसर्गिक वायू उलट हवेपेक्षा हलका, तो वर जातो. पाइप गॅस आला की खोलीत वरच्या बाजूला हवा जायला जागा लागते. ड्राय बाल्कनीच्या खिडकीचा वरचा भाग पूर्ण काचेने बंद करू नका, हे त्यासाठी. पुढे पाइप येणार असेल तर त्याची वाट, मीटर आणि बंद करायचा कॉक कपाटाच्या आत लपवायचा नाही, आणि तो पाइप कंपनीच्या माणसाखेरीज कोणी सरकवायचा नाही. शेगडीचे जेटही (बर्नरला गॅस सोडणारी बारीक तोंडं) तेव्हा बदलावे लागतात.

चिमणीत मात्र तुमच्या घरात अडचण आहे. शेगडीचा मध्य खिडकीच्या भिंतीपासून ७८ इंचांवर, म्हणजे साडेसहा फुटांवर येतो. पाइप तिथून बाहेर काढला की तो ड्राय बाल्कनीत निघतो, आणि तिथे तोंड सोडलं तर वाळत घातलेल्या कपड्यांना फोडणीचा वास आणि तेलकटपणा. तो बाल्कनीच्या बाहेरच्या कडेपर्यंत न्यावा लागेल. बाल्कनी साडेतीन फूट असेल तर एकूण १० फूट. एवढ्या लांबीला ६ इंचांचा कडक, गुळगुळीत पाइप हवा आणि चिमणीवरचं एकच वळण. चुरगळता येणारा अॅल्युमिनियमचा पाइप लावून दिला तर त्याच्या वळ्यांत ओढ मरते, मोटर नुसती आवाज करते. चिमणी बर्नरच्या वर २६ ते ३० इंच. तीन बर्नरला रुंदी ७५ सेंटीमीटरची मिळाली तर उत्तम. ६० ची घेतली तर कडेच्या बर्नरवरची फोडणी बाजूने निसटते. बाहेरच्या भिंतीला भोक पाडायला सोसायटीची परवानगी आधी घ्या. भोक बीम किंवा कॉलममधून पाडायचं नाही, कोणी कितीही सांगितलं तरी. कोपऱ्यात कॉलम आणि वर बीम आला तर खिडकीच्या वरच्या काचेच्या जागी पत्रा बसवून त्यातून पाइप काढतात. दिसायला साधं आहे, चालतं चांगलं.

विजेच्या जागा ओट्याच्या मापांवरून ठरतात, म्हणून वायरमनला हाच कागद द्या. ओट्याच्या वर ८ ते १० इंचांवर बोर्ड. सिंकच्या बाजूला दोन फूट आणि शेगडीच्या मागे एकही नको. डाव्या भिंतीवर रिकाम्या ३८ इंचांत एक, हँड ब्लेंडर किंवा इंडक्शनसाठी १६ अँपिअरचा. बुटक्या ओट्यावर तीन: मिक्सर, मायक्रोवेव्ह आणि एक शिल्लक. फ्रीज, प्युरिफायर आणि चिमणी यांचे स्वतंत्र. चिमणीचा वर कपाटाच्या माथ्याजवळ, वाफेच्या वाटेत नाही. इंडक्शन आणि ओटीजी (विजेची छोटी भट्टी) दोन्ही २००० वॉटच्या घरातली, ती एकाच लाइनवर लावली की एमसीबी (जास्त भार आला की आपोआप बंद होणारा स्विच) पडणारच. दोन वेगळ्या लाइन, १६ अँपिअरच्या पॉइंटला ४ चौरस मिलिमीटरची वायर, २० अँपिअरचा एमसीबी, आणि स्वयंपाकघराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे शॉक बसायच्या वेळी वीज तोडणारा स्विच. भिंत आधी ठोकून बघा. काँक्रीटची निघाली तर त्यात आडव्या खाचा मारायच्या नाहीत. वायर वरून कपाटामागून किंवा पट्टीतून न्यायची.

कपाटांबद्दल थोडक्यात. सिंकखाली प्लायवूड, पार्टिकल बोर्ड, काहीच नको. तिथे कडाप्प्याचा तळ आणि फक्त शटर. पूर्ण मॉड्युलरपेक्षा कडाप्प्याच्या उभ्या फळ्यांवर ग्रॅनाइटचा ओटा आणि आत स्टीलच्या ट्रॉल्या, ही आपल्याकडची पद्धत मला या घरासाठी जास्त योग्य वाटते. ओट्याचं वजन लाकडावर येत नाही, आणि ट्रॉली बदलली तरी ओटा जागेवर. अट एकच: कप्प्याचं माप आधी. बाजारात ट्रॉल्या १५, १७, १९ आणि २१ इंच रुंद, २० इंच खोल मिळतात. दोन्ही बाजूंच्या चॅनेलना मिळून साधारण १ इंच लागतो. गवंड्याने अंदाजे १६ इंचांचा कप्पा केला आणि आत पट्ट्या ठोकायला अर्धा इंचही उरला नाही, तर १५ ची ट्रॉली घासते. कोपऱ्याला लागून पहिल्या कप्प्याआधी ३ इंचांची पट्टी सोडा, नाहीतर ट्रॉली ओढताना सिंकच्या शटरच्या हँडलला अडकते. कोपऱ्याखालच्या अंधाऱ्या जागेसाठी फिरत्या महागड्या कॅरोसेलचे पैसे घालू नका. सणाला लागणारी मोठी पातेली तिथे जाऊ द्या. स्टील ३०४ ग्रेडचं मागा, मीठ आणि चिंचेच्या डब्यांखाली २०२ ला गंज धरतो. वरचं कपाट १२ इंच खोल, ओट्यापासून २२ इंचांवर. सासूबाईंचा हात ६ फुटांच्या वर आरामात पोचणार नाही, रोजचे डबे त्याखालच्याच फळीवर.

ओट्याला काळं किंवा गडद ग्रॅनाइट घ्या. पांढरा क्वार्ट्झ घेतला तर हळदीचा डाग आणि गरम तव्याची खूण दोन्ही राहतात. पुढच्या कडेला खालून एक बारीक खाच मारून घ्या, म्हणजे पाणी कडेवरून शटरवर न ओघळता तिथेच थेंब होऊन पडतं. खाच दगड बसवण्याआधी मारायची असते. बसल्यावर कोणी मारत नाही.

कामाचा क्रम असा: आधी फरशीवर खडूने पूर्ण मांडणी आखा, फ्रीजचं दार आणि ओढलेली ट्रॉलीसुद्धा. दोघींनी त्यात उभं राहून एकदा कुकर लावायचा, पोळ्या लाटायच्या, ताटं वाढायची, असं नुसतं करून बघा. मग तोडफोड, सांडपाणी, पाणी, वीज, चिमणीचं भोक. पाण्याचे पाइप झाकण्याआधी दाब देऊन एक रात्र ठेवा. मग टाइल, मग कडाप्पा आणि ग्रॅनाइट, आणि ते पक्कं झाल्यावरच ट्रॉल्या-शटरवाल्याने माप घ्यायचं. मॉड्युलरवाला आत्ताच्या मापावर ऑर्डर द्यायला घाई करेल. वर मोजलेले इंच तेव्हा बदललेले असतात.

खिडकीवरच्या बीमचा खालचा भाग फरशीपासून किती उंचीवर आहे, डाव्या कोपऱ्यात कॉलम किती बाहेर आलाय आणि बाल्कनीची रुंदी किती, हे तीन आकडे मोजून कळवा. चिमणीचा पाइप कुठून काढायचा ते त्यावरून नक्की सांगता येईल.